गोठ्यातल्या जनावरांची शास्त्रीय नावे

आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने 2003 साली आपला 2027 क्रमांकाचा निर्णय प्रसिद्ध केला. कोणत्या प्राण्याचे कोणते लॅटिन नाव वैध धरायचे, एवढाच प्रश्न सोडवणाऱ्या या संस्थेचे निर्णय प्राणिशास्त्रज्ञांखेरीज सहसा कोणी वाचत नाही, आणि मुद्दाम वाचावे असे त्यांत फारसे काही नसतेही. हा निर्णय मात्र माझ्या मनात घर करून बसला आहे. त्यात 17 वन्य प्रजातींच्या नावांना संरक्षण दिलेले आहे. गव्यापासून रानम्हशीपर्यंत, रानटी याकपासून रानगाढवापर्यंत आणि रेशमाच्या किड्याच्या रानातल्या भाईबंदापर्यंत सगळे त्या यादीत आहेत. या सर्वांवर एकच संकट होते: त्यांच्या पाळीव भाऊबंदांचे बारसे त्यांच्या आधी किंवा त्यांच्याच बरोबर झालेले होते.

हे असे का झाले, हे समजायला 1758 पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी कार्ल लिनियसने आपल्या वर्गीकरणग्रंथाची दहावी आवृत्ती काढली आणि प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ तिथूनच मानला जातो. लिनियसने नावे दिली ती प्रामुख्याने समोर दिसणाऱ्या जनावरांना. गोठ्यातल्या गाईला त्याने ‘बॉस टॉरस’ म्हटले, वशिंड असलेल्या आपल्याकडच्या गाईला ‘बॉस इंडिकस’ असे वेगळे नाव दिले, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, गाढव, कुत्रा, मांजर यांचीही नोंद केली. गाईचा वन्य पूर्वज असलेला ऑरॉक्स त्याला पाहायला मिळणे शक्यच नव्हते, कारण त्या प्रजातीतली शेवटची ज्ञात मादी पोलंडमधल्या याक्तोरुव्हच्या जंगलात 1627 साली मेली होती आणि लिनियसचा जन्म 1707 चा. ऑरॉक्सला ‘बॉस प्रायमिजेनियस’ हे नाव मिळाले ते 1827 मध्ये, तो नामशेष झाल्यावर बरोबर 200 वर्षांनी. नातवाचे बारसे आधी आणि पणजोबाचे मागाहून, असा हा प्रकार होता.

आता नामकरणशास्त्राचा मूळ नियम असा की एकाच प्रजातीला दोन नावे दिली गेली असतील तर जुने नाव टिकते. पाळीव गाय आणि ऑरॉक्स एकच प्रजाती आहे असे एखाद्याने ठरवले, तर नियमाप्रमाणे जंगलातल्या ऑरॉक्सलाही गोठ्यातल्या गाईचे नाव लावावे लागेल. गव्याचे प्रकरण त्याहून अवघड होते. ईशान्य भारतात पाळला जाणारा मिथुन आणि आपल्या सह्याद्रीतला गवा हे एकमेकांचे अगदी निकटचे आप्त. मिथुनाला ‘बॉस फ्रंटॅलिस’ हे नाव 1804 मध्ये मिळाले आणि गव्याला ‘बॉस गॉरस’ हे 1827 मध्ये. दोघांना एक मानले की गव्याचे नाव पुसले जाणार. आयोगाने यावर तोडगा असा काढला की पाळीव प्राण्याचे नाव जुने असले तरी वन्य प्रजातीचे नाव त्यामुळे बाद ठरणार नाही, आणि दोघांना एकाच प्रजातीत धरायचेच असेल तर वन्य प्राण्याचे नाव वापरावे. पाळीव प्राण्यांना स्वतंत्र नाव ठेवण्याची मुभा मात्र तशीच राहिली.

कोणी म्हणेल की हा नुसता कारकुनी घोळ आहे. मला तसे वाटत नाही. नावांचा हा गोंधळ झाला, कारण ज्या गोष्टीमुळे एखादे जनावर पाळीव ठरते ती गोष्ट वर्गीकरणाच्या चौकटीत बसतच नाही. प्रजाती ठरवताना जीवशास्त्रज्ञ शरीररचना पाहतात, गुणसूत्रे मोजतात, कोणाचा कोणाशी संकर होतो आणि त्यातून निपजलेली संतती प्रजननक्षम आहे का, हे तपासतात. पाळीवपणा यांपैकी कशातच पुरता सापडत नाही. तो सापडतो पैदाशीवर कोणाचा ताबा आहे या प्रश्नात, आणि हा प्रश्न जनावराच्या देहापेक्षा माणसाच्या वागण्याबद्दलचा अधिक आहे.

कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते बाळगले जात. त्यांना सांभाळणारे चित्तेवान असत, डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर नेला जाई, आणि शिकार झाली की तो पुन्हा माणसाच्या स्वाधीन होई. इतका माणसाळलेला प्राणी पाळीव म्हणावा की नाही? मुघल दरबारातला एक प्रसंग याचे उत्तर देतो. जहांगीराने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की अकबराने 1,000 चित्ते जमवले होते आणि त्यांची जोडी जमावी अशी त्याची फार इच्छा होती, पण ते कधी साधले नाही. पुढे जहांगीराच्या काळात एक नर गळ्यातला पट्टा सोडवून मादीपर्यंत पोहोचला आणि तिला पिले झाली, ही घटना बादशहाला नोंदवून ठेवण्याइतकी नवलाची वाटली. चित्ता पकडता येत होता, शिकवता येत होता, पण त्याची पुढची पिढी प्रत्येक वेळी रानातूनच आणावी लागत होती. हत्तीचेही बहुतांशी असेच आहे. हजारो वर्षे माणसाच्या सोबतीला राहूनही हत्तीची पाळीव अशी वेगळी जात घडली नाही, कारण पिढ्यान्पिढ्या निवडून पैदास करण्याचे काम माणसाने तिथे केलेच नाही.

गाईच्या बाबतीत ते काम झाले, आणि तेही दोनदा. युफ्रेटिस आणि तैग्रिस या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत सुमारे 10,500 वर्षांपूर्वी ऑरॉक्स पाळीव होऊ लागला. आजच्या युरोपीय पद्धतीच्या गुरांच्या मातृवंशाचा जनुकीय माग काढणाऱ्या एका अभ्यासाने तिथल्या मूळ माद्यांची संख्या अवघी 80 च्या आसपास असावी असा अंदाज बांधला आहे. वशिंडाच्या गाईची गोष्ट वेगळी आहे. तिचा पूर्वज भारतीय उपखंडातला ऑरॉक्स होता, ज्याच्या जीवाश्मांना ह्यू फाल्कनर याने 1859 मध्ये नर्मदेवरून ‘बॉस नॅमॅडिकस’ हे नाव दिले. तो पाळीव झाला बलुचिस्तानातल्या मेहेरगढच्या परिसरात, सुमारे 8,000 वर्षांपूर्वी. झाँ-फ्रान्स्वा जारीज यांच्या नेतृत्वाखाली 1974 पासून तिथे उत्खनन झाले आणि रिचर्ड मेडो यांनी तिथल्या हाडांचा अभ्यास केला. सर्वांत खालच्या थरांत हरणे, नीलगाई, रानगाढवे अशा शिकारीच्या प्राण्यांची हाडे जास्त. वर येत जावे तशी शिकार कमी होते, गुरांची हाडे वाढतात आणि ती हाडे आकाराने लहान होत जातात. एका थरातून दुसऱ्या थरात जाताना रानटी जनावर कोणत्या दिवशी पाळीव झाले, हे मात्र कोणालाही दाखवता येणार नाही.

शरीर बदलले नाही असे मला म्हणायचे नाही. पाळीव गुरांचा मेंदू देहाच्या मानाने ऑरॉक्सपेक्षा सुमारे चौथाईने लहान आहे, आणि 2021 मधल्या एका अभ्यासात असे दिसले की ज्या गुरांचा माणसाशी रोजचा संबंध अधिक, म्हणजे दुभत्या गाईंचा, त्यांच्यात ही घट अधिक आहे, तर झुंजीसाठी मोकळ्या माळावर वाढवलेल्या बैलांत ती सर्वांत कमी आहे. वशिंडही पूर्वजात आजच्या इतके मोठे होते की नाही, याबद्दल केवळ हाडांवरून बोलणे कठीण आहे, कारण वशिंड स्नायूचे आणि चरबीचे असते. मागे राहतात त्या फक्त पाठीच्या मणक्यांवरच्या खुणा. एवढे सगळे बदल जमेस धरले तरी प्रजाती वेगळी झाली का, या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही.

त्याचा पुरावा महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावात उभा आहे. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळीकांचनला बाएफ या ग्रामविकास संस्थेची स्थापना केली. गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या आणि कृत्रिम रेतनाची सोय खेड्यापाड्यांत पोहोचू लागली, तशी देशी गाईला जर्सी किंवा होल्स्टीन फ्रिजियन वळूपासून झालेली संकरित गाय घरोघरी दिसू लागली. लिनियसची दोन नावे प्रमाण मानली तर ही गाय दोन वेगवेगळ्या प्रजातींचा संकर आहे. त्यांच्या वंशरेषा पाळीव होण्याच्या कितीतरी आधी, काही लाख वर्षांपूर्वी फुटलेल्या आहेत, हे मातृवंशाच्या जनुकांवरून दिसते. तरीही त्यांची संतती, नर आणि मादी दोन्ही, प्रजननक्षम असते. भूतानमध्ये मिथुन आणि गावठी गाय यांचा संकर करतात. तिथल्या संकरित माद्या दुधासाठी नावाजलेल्या आहेत, पण पहिल्या पिढीतले नर वांझ निघतात. म्हणजे दोन प्रजातींमध्ये निसर्गाने घातलेला बांध तिथे जाणवतो, देशी आणि विदेशी गाईंमध्ये मात्र जाणवत नाही. अनेक वर्गीकरणतज्ज्ञ या दोघींना एकाच प्रजातीच्या दोन उपप्रजाती मानतात, ते याच कारणाने.

कोंबडीचे उदाहरण मला याहूनही गमतीचे वाटते. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, याबद्दल फारसा वाद नाही. पण कोंबडीच्या पायांना आणि कातडीला पिवळा रंग देणारे जनुक लाल रानकोंबड्याकडून आलेले नाही, असे 2008 मध्ये स्पष्ट झाले. ते आले राखी रानकोंबड्याकडून, म्हणजे सह्याद्रीच्या घाटांत पहाटे आरवणाऱ्या आपल्याच पाखराकडून. जगभरच्या पोल्ट्र्यांत पिवळ्या पायांच्या ज्या कोट्यवधी कोंबड्या आहेत, त्यांच्यात दख्खनच्या रानातल्या दुसऱ्याच प्रजातीचा अंश आहे. कोंबडीचे शास्त्रीय नाव लिहिताना हा अंश कुठे दाखवायचा?

बाजारात मात्र वर्गीकरण कधी अडत नाही. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत खिलार जनावरे विकायला येतात तेव्हा आटपाडी महालचे कोणते, म्हसवडचे कोणते, कोसा कोणता आणि काजळी कोणता, हे जाणकार लांबूनच सांगतो. मग जबडा उघडून दात पाहिले जातात आणि आदत, दोनदाती, चौसा, जुळलेला अशी वयाची वर्गवारी होते. त्यानंतर अंगावरचे भोवरे, खूर, शिंगांची ठेवण, चाल हे सगळे येते. लहानपणी घरातल्या थोरांबरोबर अशा बाजारात गेल्यावर रुमालाखाली बोटे दाबून चाललेला सौदा मला जादूसारखा वाटे. आता वाटते की त्या माणसांकडे वर्गीकरणाची एक पक्की, पिढ्यान्पिढ्या पारखलेली पद्धत होती आणि तिचा निकष उघड होता, की हे जनावर कोणत्या कामाचे आणि कोणत्या मुलखाचे. दुष्काळी माणदेशाची खिलार आणि इगतपुरी-अकोले भागातल्या धो धो पावसात तेलकट कातडीमुळे टिकणारी डांगी या निकषावर एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या आहेत. प्राणिनामकरणाची संहिता उपप्रजातीच्या खाली उतरतच नाही, त्यामुळे खिलार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ या जातींना तिच्या लेखी अस्तित्व नाही. त्यांची नोंद कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ठेवते आणि तो वेगळ्याच खात्याचा कारभार आहे. माणसाने जिथे सर्वांत जास्त कसब ओतले, नेमके तिथे शास्त्रीय नामकरण हात टेकते.

मिथुनाकडे पाहिले की हा सगळा प्रश्न आणखी धारदार होतो. अरुणाचल, नागालँड, मणिपूर आणि मिझोरम या राज्यांत मिळून 2019 च्या पशुगणनेत जवळपास 3.9 लाख मिथुन मोजले गेले. त्यातले बहुतेक जंगलात मोकळे फिरतात. त्यांना दावे नाही, गोठा नाही, परंपरेने त्यांचे दूध काढत नाहीत आणि त्यांना नांगरालाही जुंपत नाहीत. मालकी ओळखायची ती कानाला पाडलेल्या खाचांवरून. मालक अधूनमधून जंगलात जाऊन हाक देतो आणि मीठ चाटवतो, त्या मिठाच्या ओढीने जनावर माणसाच्या संपर्कात राहते. वधूमूल्य, दंड, सण, मोठे सामाजिक जेवण, अशा प्रसंगी त्याचे मोल कळते. गव्याच्या मानाने मिथुन काहीसा लहान, कपाळ रुंद आणि सपाट, शिंगे अधिक सरळ बाजूला गेलेली. पण काळसर अंग आणि पायात घातल्यासारखे पांढरे मोजे दोघांचेही सारखेच.

डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला होता, ते अनेकांना आठवत असेल. बघ्यांची गर्दी, आरडाओरडा, तासन्‌तास चाललेली पळापळ, आणि अखेर पकडल्यानंतर त्या जनावराने प्राण सोडला. त्याचा रक्ताचा नातेवाईक ईशान्येत माणसाच्या तळहातावरचे मीठ चाटतो आहे. दोघांच्या हाडांमध्ये किंवा गुणसूत्रांमध्ये या फरकाचे कारण शोधायला गेले तर जे मिळेल ते अगदी थोडके असेल. मिथुनाच्या बाजूला शेकडो वर्षांत लोकांनी शांत जनावरे राखली, मीठ दिले, माजलेल्यांना मेजवानीसाठी कापले. गव्याच्या बाजूला यातले काहीच घडले नाही. मला या दोन प्राण्यांना वेगवेगळी नावे ठेवणे योग्य वाटते, ते जनुकांच्या आधारावर नव्हे, तर या इतिहासाच्या आधारावर. आणि असे म्हणताना मला ठाऊक आहे की प्रजातीची कोणतीही शुद्ध जीवशास्त्रीय व्याख्या माझ्या बाजूने उभी राहणार नाही.

व्यवहाराला मात्र हे वेगळेपण लागतेच. वन्य प्राण्यांच्या व्यापारावरचा सायटीस हा आंतरराष्ट्रीय करार गव्याला सर्वोच्च संरक्षण देतो आणि त्याच वेळी मिथुन हे पाळीव रूप, बॉस फ्रंटॅलिस या नावाने, त्यातून स्पष्टपणे वगळतो. याकचेही तसेच. आपल्याकडे गव्याची शिकार हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे, तर मिथुनाला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2023 मध्ये खाद्यप्राणी म्हणून मान्यता दिली. ही दोन नावे एक झाली असती तर कायद्याला पुन्हा दुसरे काहीतरी नाव शोधावेच लागले असते.

म्हशीच्या बाबतीत नाव वेगळे ठेवूनही प्रश्न सुटत नाही. पाळीव म्हैस ‘बुबॅलस बुबॅलिस’ आणि रानम्हैस ‘बुबॅलस आर्नी’. हे दुसरे नाव 1792 चे. आपली मुऱ्हा, पंढरपुरी, नागपुरी या नदीकाठच्या म्हशी, त्यांची गुणसूत्रे 50. आग्नेय आशियात चिखलात भातशेती करणाऱ्या दलदलीच्या म्हशी, त्यांची 48. काही अभ्यासक तर या दोघींनाही निराळ्या प्रजाती मानावे असे म्हणतात. म्हणजे पाळीव म्हशीतच फूट पडू पाहते आहे, आणि त्याच वेळी वन्य म्हैस पाळीव म्हशीत विरघळण्याच्या बेतात आहे.

दायमाबादच्या प्राचीन वसाहतीत 1974 मध्ये सापडलेल्या कांस्यमूर्तींत बैलजोडीच्या रथाबरोबर हत्ती, गेंडा आणि रेडा आहेत. बैल जुंपलेला, गेंडा निःसंशय रानातला. रेडा यांपैकी कोणत्या बाजूचा, हे त्या कारागिराने सांगितलेले नाही. त्याने रेड्याला आणि गेंड्याला सारखीच चाके लावली आहेत. आज महाराष्ट्रात रानम्हैस उरली आहे ती गडचिरोली जिल्ह्यातल्या कोलामार्का भागात, इंद्रावतीच्या आसपास, आणि तिच्यावरचे सर्वांत मोठे संकट बंदुकीचे नाही. गावातल्या म्हशी चरत चरत जंगलात जातात, त्यांच्यामार्फत गुरांचे रोग पसरतात, आणि संकर होतो. रानरेडा पाळीव म्हशीच्या कळपात मिसळला की पुढच्या पिढीला कोणत्या यादीत घालायचे, याचा निवाडा रूपावरून करता येत नाही.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये हाच निवाडा प्रयोगशाळेत करून पाहिला गेला. उदंती अभयारण्यातल्या आशा नावाच्या रानम्हशीच्या पेशींपासून, क्लोनिंग करून, कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत डिसेंबर 2014 मध्ये एक वासरू जन्माला आले. तिचे नाव दीपाशा. केंद्रकातली जनुके रानम्हशीची, पण अंडपेशी पाळीव म्हशीची, वाढली ती पाळीव म्हशीच्या गर्भात, आणि जन्मापासून माणसांच्या हाताखाली. ती मोठी झाली तेव्हा मुऱ्हा म्हशीसारखीच दिसते, ही रानम्हैस कसली, अशी टीका झाली. टीका करणारे रूपाकडे बोट दाखवत होते आणि बाजू घेणारे जनुकांकडे. मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. दीपाशा अस्सल वन्य वंशाची असती तरी तिने कधी वाघाचा वास घेतलेला नाही, कळपातल्या थोरल्या म्हशीमागून इंद्रावती पार केलेली नाही, आणि तिची वीण कधी, कोणाशी आणि कुठे व्हावी हे माणसेच ठरवणार. पैदाशीवरचा ताबा हाच पाळीवपणाचा निकष मानला तर रानम्हैस वाचवण्यासाठी बंदिस्त पैदाशीचा प्रत्येक कार्यक्रम तिला थोडे थोडे ‘बुबॅलस बुबॅलिस’ कडेच ढकलत असतो. म्हणून कोलामार्कात पैसा खर्चायचा झाल्यास तो पैदास केंद्रावर खर्चण्याआधी भोवतालच्या गावांतल्या म्हशींच्या लसीकरणावर आणि त्यांच्यासाठी जंगलाबाहेरच्या चराईवर खर्चावा, असे माझे मत आहे.